चंद्राची चश्मदीद

पडदा वर जातो तेव्हा रंगमंच जवळजवळ रिकामा असतो. औरंगाबादच्या समर्थनगरातल्या एका तीनमजली इमारतीची गच्ची. मागं पाण्याच्या काळ्या टाक्या, दोरीवर काढायच्या राहून गेलेल्या दोन चादरी, खालून रिक्षांचा कालवा. उजव्या हाताला साताऱ्याच्या डोंगराची रेघ, तीही आता विझत चाललेली. मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची आणि तिच्यावर एक उंच, हाडकुळी बाई. साडीवर तिनं नारिंगी रंगाचा जाडजूड कोट चढवलेला आहे. त्याचा रंग कधीच उडालाय आणि कोपरांवर ठिगळं आहेत. मांडीवर पाण्याचा तांब्या, शेजारच्या कठड्यावर ताटली, तिच्यात अक्षता आणि एक जास्वंद. बाईचा चेहरा पूर्वेला, चिकलठाण्याच्या दिशेला. ती वाट बघते आहे. प्रेक्षागृहात कोणी नाही.

ही भानुमती लासूरकर. दगडांचा अभ्यास करण्यात जिचा जन्म गेला आणि या शहरातून दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर जाऊन आलेली जी पहिली बाई, ती हीच. कोट तिथलाच. कॉलनीत तिला पेंग्विनवाल्या बाई म्हणतात. वर्षाकाठी एखादी शाळा तिला भाषणाला बोलावते, मुलं विचारतात की पेंग्विन चावतो का, त्याला हात लावला का, तो काय खातो. भानुमती सगळ्याची नीट उत्तरं देते, शाल आणि नारळ घेते आणि रिक्षानं घरी येते. तिथले दगड कसे होते, हे आजवर एकाही पोरानं विचारलेलं नाही. ती स्वतःहून सांगत नाही.

महिन्यातून एकदा, संकष्टीला, ती अशी गच्चीवर येऊन बसते. दिवसभर पाणी आणि कपभर दूध, एवढ्यावर काढलेलं असतं. चंद्र दिसला की त्याला पाण्याचं अर्घ्य द्यायचं आणि खाली जाऊन जेवायचं. इमारतीतल्या बाकीच्या बायका भिंतीवरच्या कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ बघतात आणि त्या ठोक्याला पानं वाढतात. भानुमती कॅलेंडर बघत नाही. ढग आले तर ती ढग सरायची वाट बघते. तिच्या देवघरात गणपती आहे, पण त्याच्याशी तिला बोलताना कधी कोणी ऐकलेलं नाही. मग ही कुणाची वाट? ते कळायला पडदा पाडून पुन्हा वर घ्यावा लागेल, सत्तर वर्षं मागं.

पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झालेली. गुलमंडीमागच्या गल्लीत भाड्याचं धाब्याचं घर, खाली दोन खोल्या, वर मातीचं माळवद. भानूचे वडील सदाशिवराव निजामाच्या अदालतीत अहलकार, म्हणजे कारकून होते. राज्य बदललं, अदालत तीच राहिली, फक्त कागद उर्दूतून मराठीत आले आणि चाळिशी गाठलेले सदाशिवराव रात्री कंदिलाशी बसून सरकारी मराठी गिरवायला लागले. हाताला मराठी लागली, जिभेवरची उर्दू मात्र जागची हलली नाही.

आई वच्छलाबाई. लहानखुरी, अबोल, आणि एका बाबतीत कोणाला न ऐकणारी. संकष्टीला चंद्र डोळ्यांनी दिसल्याशिवाय ती घास घ्यायची नाही. आषाढ-श्रावणात आभाळ भरलेलं असायचं. सदाशिवराव जिन्यातून पंचांग वाचून सांगायचे की चंद्र उगवून तास झाला, ढगामागं आहे. आई वरूनच म्हणायची, ढगामागं आहे म्हणजे मला दिसला नाही. एखाद्या महिन्यात सकाळ उजाडली तरी ताट झाकलेलंच असायचं आणि ती चुलीशी रोजच्यासारखी भाकरी थापत असायची, इतरांसाठी.

सदाशिवराव हसून शेजाऱ्यांना सांगायचे की आमच्या घरात चंद्राची चश्मदीद गवाह राहते. भानूनं अर्थ विचारला. त्यांनी समजावलं की अदालतीत ऐकीव साक्ष उभी राहत नाही. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं तो चश्मदीद. त्याचं एक वाक्य दुसऱ्यांच्या शंभर वाक्यांना भारी.

भानू आठ वर्षांची झाली आणि तिनं हट्टानं संकष्टी धरली. देवासाठी नाही. दिवसभर आई सगळ्या घराची असायची. सासूची, नवऱ्याची, धाकट्या मधूची, आल्यागेल्याची. माळवदावर चंद्राची वाट बघतानाचा तो तेवढा वेळ तिच्या हाताला काम नसायचं. त्या वेळात ती एकट्या भानूची असायची. पाठीला पाठ लावून दोघी बसायच्या. फार बोलायच्या नाहीत. खाली मधू जेवून हात धूत असायचा आणि वर दोघींच्या पोटात कावळे ओरडत असायचे, आणि भानूला वाटायचं की ढग आणखी थोडे राहिले तर बरं.

शाळेची सहल वेरूळला गेली तेव्हा सगळ्या मुली मूर्तींपुढं रांगेनं उभ्या राहिल्या. भानू एका अर्धवट सोडलेल्या लेण्यात शिरली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा एक पट्टा होता, पोळीच्या पदरात तिखट भरावं तसा. बाईंना विचारलं तर बाई म्हणाल्या, तो दगड आहे, तू मूर्ती बघ. पुढं कॉलेजात तिला कळलं की काळा थर म्हणजे थिजलेला लाव्हा आणि लाल पट्टा म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तयार झालेली माती. तिला दगडांनी धरलं ते तिथं, आणि सोडलं नाही.

ती हैदराबादला जाऊन भूशास्त्र शिकली, सर्वेक्षण खात्यात लागली. पहिली कित्येक वर्षं तिला टेबलाशी बसवून ठेवलं. पुरुष डोंगरात जाणार, नमुने आणणार, आणि ही त्यांच्या नोंदींवरून नकाशे रंगवणार. ती प्रत्येक वरिष्ठाला एकच सांगायची, जो डोंगर मी पाहिला नाही त्याच्या नकाशाखाली माझी सही नको. त्यांना तो उद्धटपणा वाटला. अखेर कंटाळून त्यांनी तिला डोंगरात पाठवलं, बहुधा ती आठवड्यात परत येईल या आशेनं. ती तीन महिन्यांनी आली, काळी पडून, पिशव्याभर दगड घेऊन. लग्नाचं एक स्थळ जालन्याहून आलं होतं. मुलाच्या काकांनी विचारलं की असं परक्या पुरुषांबरोबर रानोमाळ हिंडणं लग्नानंतरही चालणार का. भानुमतीनं हो म्हटलं, त्यांनी चहा संपवला, आणि तो विषय तिथंच मिटला.

बदल्या होत गेल्या. गाव कोणतंही असो, संकष्टीला ती जवळच्या गच्चीवर जायची. औरंगाबादेत त्याच वेळी आई माळवदावर असणार, हे तिला ठाऊक असायचं. वडील गेले. मधूचा संसार झाला. तो तिथंच शाळेत भूगोल शिकवायचा, आई त्याच्याकडं होती. घरी फोन नव्हता आणि पत्रात दोघी मायलेकी चार ओळींपुढं जात नसत. पण महिन्यातून एकदा एकाच चंद्राकडं दोघी बघायच्या, आणि भानुमतीच्या एकट्या आयुष्यात तेवढी एक बैठक ठरलेली होती.

मग ती निवड आली. दक्षिण ध्रुवाकडं जाणाऱ्या मोहिमेत तिचं नाव लागलं. चाळिशी उलटून गेली होती. एवढ्या वर्षांत तिच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. फार पूर्वी आपली भूमी आणि ती बर्फाखालची भूमी एकसंध होती, मग ती दुभंगली आणि हे टोक सरकत सरकत इकडं आलं. अलीकडच्या काठाचे दगड तिनं पूर्व घाटात वर्षानुवर्षं तपासले होते. आता पलीकडं, बर्फाच्या आत दूरवर, काही उघडे डोंगर होते. तिथं त्याच जातीचा दगड आहे का, त्याच्या रेघा आपल्या रेघांना जुळतात का, हे तिला जागेवर उभं राहून बघायचं होतं. नमुना कोणीही आणून देईल. रेघ कुठून येते आणि कुठं जाते, हे दगड पिशवीत आल्यावर समजत नाही.

निघण्याआधी ती औरंगाबादला आली. आई सत्तरीला टेकली होती. सगळी गल्ली बघायला जमली. कोणी म्हणालं तिथं माणसं गोठून मरतात, कोणी विचारलं स्वयंपाक कोण करतं. आई ऐकत होती. सगळे गेल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "जा. पण संकष्टी सोडू नकोस. आणि चंद्र डोळ्यांनी बघ."

भानुमतीनं शब्द दिला.

आता इथं वाचणाऱ्यांनी जरा सावरून बसावं, कारण चूक इथंच झाली. ध्रुवाकडच्या उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, हे भानुमतीला माहीत होतं. पण चंद्राचं काय होतं, याचा हिशोब तिनं केलाच नव्हता. दगडाच्या बाबतीत जी बाई कोणाच्या शब्दावर विसंबली नाही, तिला चंद्र गृहीत धरावासा वाटला. तो तर आईचा होता. तो कुठं जाणार?

गोव्याहून जहाज निघालं. दक्षिणेच्या वाऱ्यांनी सगळ्यांना पालथं पाडलं, मग एके दिवशी समुद्र शांत झाला आणि पाण्यावर पांढरे डोंगर तरंगताना दिसले. भानुमती कठड्याशी उभी होती. बोलायला कोणी नव्हतं. मोहिमेतले बाकीचे सगळे पुरुष, चांगलेच होते, पण ती जवळ आली की त्यांच्या गप्पा थांबायच्या आणि खुर्ची रिकामी व्हायची. आदरानं रिकामी केलेल्या खुर्चीवर बसून एकटीनं चहा पिणं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

बर्फावर उतरण्याच्या सुमारास तिनं जहाजावरच्या खलाशाला सहज विचारलं की संकष्टीच्या दिवशी चंद्र किती वाजता उगवेल. त्यानं आपली कोष्टकं बघितली आणि सांगितलं की उगवणार नाही. त्या दिवसांत पौर्णिमेच्या आगेमागे चंद्र आकाशाच्या उत्तर भागात असतो, इथून तो क्षितिजाच्या वर येतच नाही. दोन-तीन दिवसांनी येईल, तोही अगदी खाली.

संकष्टीचा दिवस आला तेव्हा ती खडकाळ टेकड्यांमधल्या छावणीत होती. सूर्य डोक्याभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत होता. रात्र नाही, दिवा नाही, झोपायची वेळ घड्याळ सांगेल ती. पायाखालचा दगड खरोखर पुराणा होता, लालसर दाण्यांनी भरलेला, आणि ती त्यावर भिंग लावून पालथी पडायची तेव्हा तिला थंडी लागायची नाही. जेवणाची हाक आली. तिनं सांगितलं, माझं झालं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, आता भूक नाही, मग घेईन. पाणी आणि दुधाच्या भुकटीचं कपभर दूध, बस.

तिला कळत नव्हतं असं नाही. चंद्र नाही तर चंद्राची अट नाही, हे शाळकरी पोरगंही सांगेल. पण ती जेव्हा जेव्हा ताटाकडं बघायची, तिला माळवद दिसायचं. तिकडं आई वर बसलेली असेल आणि तिच्या पाठीला पाठ नसेल. इतक्या लांबून आईशी जोडणारा एकच धागा हातात होता, तो आपल्या हातानं कसा सोडायचा?

तिसऱ्या दिवशी उत्तरेकडं, बर्फाच्या अगदी कडेशी, तिला तो दिसला. भर उन्हात, पातळ, जुन्या पापडासारखा, आणि आडवा पडलेला. तिनं बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन सोडलं. गार खडकावर ते पसरलं आणि कडेनं त्याचा बर्फ व्हायला लागला. मग ती छावणीकडं वळली आणि दगडांच्या पिशवीसकट वाटेत कोसळली.

शुद्धीवर आली तेव्हा समोर डॉक्टर होते आणि मोहिमेचे प्रमुख. काही लपलं नाही. प्रमुख ओरडले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "बाई, या थंडीत न जेवता फिरणारा माणूस एकटा मरत नाही. त्याला उचलायला जाणारे दोघं त्याच्याबरोबर जातात. आणि तुम्ही आम्हाला जेवले म्हणून सांगत होता."

ते खरं होतं. 

आतल्या डोंगरांकडं हेलिकॉप्टर जाणार होतं. हवा उघडली आणि ते गेलं, तिच्याशिवाय. तिच्या जागी दुसरा एक सहकारी गेला, भला माणूस. तिनं सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीची त्यानं आठवण ठेवली आणि पोतंभर नमुने आणले. पुन्हा त्या मोसमात हवा उघडली नाही. हेलिकॉप्टरचा आवाज डोंगरांकडं बारीक होत गेला तेव्हा ती छावणीच्या दारात याच नारिंगी कोटात उभी होती, विंगेत उभं राहून आपला प्रवेश दुसऱ्यानं करताना ऐकावा तशी.

उन्हाळा लागता लागता ती औरंगाबादला परतली. आईनं तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या, जेवायला वाढलं, आणि ती जेवत असताना समोर बसून विचारलं की संकष्टीला चंद्र दिसला का. भानुमतीनं सांगितलं, दिसला, जरा उशिरानं.

आई खुदकन हसली. ती फार कमी हसायची.

"उशिरानं कसला? मधूनं मला पृथ्वीचा गोळा आणि बॅटरी घेऊन सगळं दाखवलं होतं, की तिथं त्या दिवशी चंद्र निघायचाच नाही. मी म्हटलं, मग पोरीनं काय उपाशी बसायचं? मी इथं माळवदावर दोनदा अर्घ्य दिलं. एकदा माझं, एकदा तुझं. तुझ्या वाटणीचा घासही खाल्ला. तुझा उपास तर मी त्याच दिवशी सोडवला होता."

भानुमतीच्या हातातला घास हातातच राहिला. जी बाई ढगामागच्या चंद्रावर कधी जेवली नाही, तिनं लेकीसाठी आपला नियम एका क्षणात वाकवला होता. आणि लेक मात्र तो नियम पाळत बर्फावर उपाशी फिरली होती. आई तिच्याकडं बघत होती, शाबासकीची वाट बघणाऱ्या लहान मुलीसारखी. आतल्या डोंगरांची गोष्ट भानुमतीच्या ओठांशी आली. तिनं ती घासाबरोबर गिळली.

"बरं केलंस," ती म्हणाली.

पुढची सोळा-सतरा वर्षं आई होती, आणि एवढ्या काळात त्या हेलिकॉप्टरबद्दल भानुमतीनं घरात अवाक्षर काढलं नाही. आई गल्लीत सांगायची की माझ्या भानूनं पृथ्वीच्या टोकाला जाऊन संकष्टी केली. बायका भानुमतीच्या पाया पडायच्या. ती पाय मागं घ्यायची आणि त्यांना तो विनय वाटायचा. मोहिमेसाठी तिनं आणखी दोनदा अर्ज केला. नाव लागलं नाही, कारण कोणी सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही.

सहकाऱ्यानं आणलेल्या त्या पोत्यावर तिनं अनेक वर्षं काम केलं. दगडाची जात जुळली, वय जुळलं. तिचा निबंध परदेशात छापून आला, आजही तो विषय शिकणारे तो वाचतात. पण त्यात एक वाक्य तिला घालावं लागलं, की जागेवरच्या रेघांची दिशा सहकाऱ्याच्या निरीक्षणावरून घेतली आहे. लोकांनी निबंधाची तारीफ केली. तिला तेवढं एकच वाक्य दिसायचं. आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी साक्ष आपण ऐकीव दिली, हे तिच्या मनातून जाईना. पोतं आणणारा तो भला माणूस दिवाळीला पत्र पाठवायचा, भेटायला या म्हणायचा. ती गेली नाही. मग पत्रंही थांबली.

आई गेली, पाठोपाठ मधू. मधूची मुलं पुण्याला. गुलमंडीमागचं ते घर कधीच पडलं होतं, तिथं चपलांचं दुकान झालं. निवृत्त भानुमतीनं समर्थनगरात फ्लॅट घेतला, खिडकीत दगड मांडले आणि संकष्टीला गच्चीवर जाऊन बसू लागली. आईचा नियम आईनं मोडला तरी तिनं मोडला नाही. तो आता आईचा राहिला नव्हता, तिची शिक्षा झाला होता.

घरी कामाला सारजाबाई यायची. कन्नड तालुक्याकडची, पन्नाशीची, नवरा साखर कारखान्यात होता तो गेल्यावर शहरात लेकाकडं आलेली. सारजाबाईला बोलायला लागायचं आणि भानुमतीशी बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळं दोघींचं जमलं. खिडकीतले दगड पुसताना ती म्हणायची, "बाई, लोकं पैसा जमवत्यात, तुमी धोंडे जमवले. बरं चोर तरी येत नाय." त्यावर भानुमती हसायची, वर्षात इतर कोणापाशी हसत नसेल एवढी.

आणि मग हा शेवटचा अंक. पौष महिना. भानुमती ऐंशीला आली होती. छातीत कफ दाटलेला, जिना चढायचं बळ नाही. डॉक्टरांनी उपासाला बंदी केली होती. तरी ती संकष्टीला कपभर दुधावर बसली. संध्याकाळी नारिंगी कोट अंगात घालायला सारजाबाईकडं मागितला आणि पलंगावरून उठता उठता परत बसली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. 

सारजाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली की मी वर जाऊन बघून येते, त्यात काय. भानुमतीनं मान हलवली, ते चालत नाही. मग सारजाबाई पलंगाच्या कडेशी टेकली आणि तिनं विचारलं की का चालत नाही. साधा प्रश्न होता. एवढ्या वर्षांत तो कोणी विचारलाच नव्हता. आणि भानुमतीनं पहिल्यांदा सगळं सांगितलं. माळवद, अदालत, आईला दिलेला शब्द, बर्फावरचे उपाशी दिवस, हेलिकॉप्टर, आईची दोन अर्घ्यं. धापा टाकत, थांबत थांबत.

सारजाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तुमच्या मायनं तुमचा चंद्र पाह्यला, तो तुमी धरला नाय. त्या माणसानं तुमचा डोंगर पाह्यला, तो बी धरला नाय. मंग बाई, जगात दुसऱ्याच्या डोळ्याचं काय कामच नाय म्हना की."

भानुमतीनं खिडकीतल्या दगडांकडं पाहिलं.  मग तिनं कोट उचलून सारजाबाईच्या पुढं धरला. वर गार वारं असतं.

सारजाबाई त्या ढगळ कोटात जिना चढून गेली आणि थोड्या वेळानं खाली आली.

"नाय दिसला. आभाळ आलंय."

भानुमतीनं तिच्याकडं नीट पाहिलं. वरण-भात गॅसवर तयार होता. समोर आजारी म्हातारी उपाशी होती. दिसला म्हणून सांगणं किती सोपं होतं, कोणीही सांगितलं असतं. सारजाबाईनं सांगितलं नाही. ती कोट न काढता तशीच स्टुलावर बसली, चहाचा घोट घेतला, आणि पुन्हा वर गेली. इकडं भानुमती एकटी पडून छतावरची पावलं ऐकत होती, आणि आपण वर नसताना आपल्यासाठी कोणीतरी वर आहे, ही गोष्ट तिला नवी होती.

या वेळी सारजाबाई जिन्यावरून भराभर उतरली. दाराशी उभी राहून दम घेत तिनं सांगितलं की चिकलठाण्याच्या अंगाला ढग फाटला, लालभडक होता, टाकीएवढा, आणि मी तांब्या दोनदा ओतला, एकदा तुमचा न् एकदा तुमच्या मायचा.

भानुमतीनं विचारलं, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला का.

"व्हय. ह्या दोन डोळ्यानं."

त्यानंतर ती जेवली. वरण-भात, वर तूप, चार-पाच घास, सारजाबाईच्या हातून. पाणी प्यायली, कुशीवर वळली, आणि पहाटे कधीतरी झोपेतच गेली. पुण्याहून भाचे आले, वर्तमानपत्रात पेंग्विनाशेजारचा तिचा फोटो आला, जुन्या खात्यातून दोन माणसं हार घेऊन आली. सगळ्यांनी सारजाबाईला विचारलं की बाई शेवटी काय बोलल्या. त्यांना विज्ञानाबद्दल काहीतरी हवं होतं, किंवा देवाबद्दल. सारजाबाईनं प्रत्येकाला तेच सांगितलं, आपण दाराशी कोट घालून उभ्या होतो आणि बाईंनी उशीवरून हात पुढं केला तेव्हाचं बोलणं.

"मग तू चश्मदीद आहेस, सारजा. तुझी साक्ष धरली. वाढ."